उंबरधरीच्या तीन बंद चुली

आपल्या मासिकाच्या भाद्रपदाच्या अंकात पुरानंतरच्या उंबरधरीबद्दल लिहिताना माझं एक वाक्य असं होतं: ‘गावातली तीन घरं रिकामी असून तिथली माणसं नातेवाइकांकडे निघून गेली आहेत.’ हे वाक्य चुकीचं आहे. ती घरं रिकामी नव्हती. त्या तिन्ही घरांत सुतक होतं. माणसं गावातच होती, आणि मी ज्या वाटेने गेले तिथून त्यांची दारं हाकेच्या अंतरावर होती. मी हाक मारली नाही. माझ्याबरोबर चालणाऱ्या सरकारी माणसाने ‘ही बंद आहेत’ म्हटलं, आणि मी ते घरी येऊन नीटनेटक्या अक्षरात लिहून काढलं.

मला शाळेत घालण्याआधी बाबांनी दोन वर्षं घरीच ओसरीवर शिकवलं. चुकलेला शब्द ते पुसू देत नसत. त्यावर एक रेघ ओढायची आणि वर बरोबर शब्द लिहायचा, म्हणजे काय चुकलं होतं तेही दिसत राहतं. छापलेल्या अंकावर रेघ कशी ओढायची हे मला कळेना. म्हणून मी पुन्हा उंबरधरीला गेले. त्या प्रवासाची ही हकिगत. पूरग्रस्तांसाठी धान्य-कपडे घेऊन त्या बाजूला जायचं आणखी काही भगिनींच्या मनात आहे असं ऐकते, त्यांनाही वाटेची माहिती उपयोगी पडावी.

चूक कळली ती आत्याच्या नणंदेकडून. या बाई वडनेरला असतात. त्यांनी तिथल्या दोन-चार जणींना माझा लेख वाचून दाखवला, तेव्हा उंबरधरीहून बाजाराला आलेली एक बाई मधेच म्हणाली, “भागरथाच्या घराले रिकामं काऊन म्हणलं वो?” नणंदबाईंनी आमच्याकडे सिंदीला निरोप पाठवला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी आत्या म्हणाली, “उपाशी राहून का घर भरते का थे? चाल, जाऊन येऊ.” एकटी मुलगी पाठवायला घरचे तयार नव्हतेच. आत्या बरोबर म्हटल्यावर आईने शिदोरी बांधली.

आमच्या महिला मंडळाने ज्वारीची दोन पोती आणि एक गाठोडं कपडे दिले. तीन घरं मदतीतून राहून गेली असतील तर आपणच ती भरून काढू, असं बैठकीत ठरलं. मलाही तेव्हा ते बरोबर वाटलं होतं.

सिंदीच्या स्टेशनवर या दिवसांत शुकशुकाट असतो. कापसाचा हंगाम दिवाळीनंतरचा, जिनिंग बंद, हमाल सावलीला पत्ते खेळत बसलेले. पॅसेंजर उशिरा आली. वर्ध्याला गाडी बदलून हिंगणघाट गाठायचं आणि तिथून वडनेरची मोटार धरायची. ज्यांच्याजवळ ओझं आहे त्यांनी वर्ध्याला हमाल आधीच ठरवून घ्यावा, कारण पूल ओलांडून पलीकडच्या फलाटावर जावं लागतं आणि दुसरी गाडी थांबत नाही. खायचं घरूनच न्यावं. हिंगणघाटला मोटारीच्या अड्ड्यावर चहा आणि चिवडा मिळतो, पण चिवड्याला तेलाचा वास होता.

मोटारीत पोत्यांचं भाडं वेगळं पडतं. मी रुपया दिला तेव्हा कंडक्टरने विचारलं, “बाई, उरलेले आण्यात देऊ का नव्या पैशात?”

आत्या म्हणाली, “जे खोटं नाई थे दे.”

“दोन्ही सरकारचेच हायेत, माय.”

“म्हणूनच इचारून राह्यली.”

आजूबाजूची माणसं हसली. कंडक्टरही हसला आणि त्याने दोन्ही प्रकारची नाणी माझ्या हातावर ठेवली. हिशेब बरोबर आहे की नाही हे मी वडनेर येईपर्यंत मनात मांडत होते. बरोबर होता.

रस्ता चांगला आहे. हैदराबादला जाणारे ट्रक त्याच रस्त्याने जातात. मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहवत नाही. वरच्या अंगाची ज्वारी उभी होती, निसवायला लागलेली. खालच्या अंगाला, नाल्यांच्या काठाने, कपाशीची झाडं एकाच दिशेला आडवी झालेली, त्यांच्यावर गाळ वाळून पांढरट पडलेला. बोंडं काळी. एका बाभळीवर, माणसाच्या डोक्याच्या वर, बैलगाडीची साटी अडकलेली होती. तिच्याखालून मोटार गेली आणि कोणी वर पाहिलं नाही. रोजच्या जाण्यायेण्यात तिची सवय झाली असावी.

वडनेरला नणंदबाईंकडे मुक्काम केला. भाकर, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी. मुंबई राज्यात गेल्यापासून पटवाऱ्याला तलाठी म्हणायचं, असं त्यांनी सांगितलं. “नाव बदललं, झोळा थोच हाय,” त्या म्हणाल्या. गावात सगळे अजून पटवारीच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरधरीचा कोतवाल गाडी घेऊन आला. सोमाजी त्याचं नाव, साठीचा असेल. मागच्या वेळी पटवाऱ्याच्या पुढे-पुढे घरं दाखवत चालणारा तोच होता. वडनेरपासून उंबरधरी गाडीने अर्ध्या दिवसाची वाट आहे. दोन नाले लागतात. दुसऱ्या नाल्याला अजून गुडघाभर पाणी होतं. जाणाऱ्यांनी गाडीवानाचं ऐकावं आणि पोती वर बांधून घ्यावीत.

पहिला नाला ओलांडेपर्यंत सोमाजी बैलांशीच बोलत होता. मग मी विचारलं, त्या तीन घरांचं काय झालं?

त्याने बैलांना हाकारलं. आत्या म्हणाली, “सांग न भाऊ. पोरगी तुले खाणार नाई. तिचंच जेवण बंद हाय.”

“काय सांगू, माय,” सोमाजी म्हणाला. “पटवारी म्हणे, जिथं चूल पेटते थिथं एक वाटा. बराबर हाय. नाई तं एका घरचे चार भाऊ चार वाटे मांगतेत. आमी घरोघर गेलो. भागरथाच्या दारापाशी आलो. पटवारी म्हणे, इथं कोण राह्यते? म्या म्हणलं, साहेब, इथं चूल बंद हाय.”

“मग?”

“मंग थ्यानं लिवलं ‘बंद’, न पुढं गेला. मले वाटलं, दुःखाचं घर म्हणून लिवलं. वाटा जास्तच भेटंल म्हणलं.”

“पण माणूस गेला असं का नाही सांगितलंत?”

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, जणू मी फार लहान आहे. “बाई, दहाव्याच्या आंत थ्याच दारापाशी उभं राहून मेल्याचं नाव घेतेत का? चूल बंद म्हणलं का समजते मानसाले.”

हे मलाही समजायला हवं होतं. सिंदीलाही आम्ही तसंच म्हणतो. घरात माणूस गेलं की चूल पेटवायची नाही. शेजारपाजारचे आणि सोयरे भाकर घेऊन येतात, तिला कडू घास म्हणतात. ‘त्यांच्याकडे चूल बंद आहे’ असं कानावर पडलं की आपण आवाज खाली आणतो आणि कोण गेलं ते विचारतो. पटवारी लांबच्या जिल्ह्यातून नवा आलेला. त्याच्या कामात ‘बंद’ म्हणजे खातं बंद, घर बंद, माणसं गेली. तो खोटं बोलला नाही आणि सोमाजीही खोटं बोलला नाही. दोघांनी एकच शब्द उच्चारला, आणि ज्या घरांतली माणसं पुरात गेली नेमकी तीच घरं मदतीच्या यादीतून गेली. मी मात्र दोघांच्या मागे वाटेवर उभी होते, मला दोन्ही अर्थ येत होते आणि मी बरोबर आणलेल्या कपड्यांच्या घड्या मोजत होते.

सोमाजी नंतर हळूच म्हणाला, “कचेरीत गेली तं माह्यं नाव नोको घेजो, बाई. म्हातारपणी नोकरी जाईन.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

उंबरधरी नदीच्या वळणावर आहे. वरची आळी शाबूत आहे. खालच्या आळीत भिंती अर्ध्या उभ्या, आणि पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती रेघ प्रत्येक भिंतीवर एकाच उंचीची. पूर पोळ्याच्या आधी आला. गावात पोळा भरलाच नाही.

भागरथाबाई घरासमोर चिखल तुडवत होती. भिंतीला लावायचा चिखल. तिशीची असेल. दोन लहान लेकरं गवत तोडून त्यात टाकत होती. बाजूला एकच बैल बांधलेला. तिचा नवरा बैल सोडायला गोठ्यात गेला आणि जोडीतल्या एका बैलाबरोबर वाहून गेला. दुसरा बैल तिसऱ्या दिवशी आपणहून परत आला. एका बैलाने नांगर चालत नाही. रब्बीचा पेरा दसऱ्यानंतर आहे. यादीत नाव असलेल्यांना घरासाठी बल्ल्या-बांबू, पेऱ्यापुरतं बियाणं आणि पेऱ्यासाठी आळीपाळीने सरकारी बैलजोडी मिळायची होती. ही माहिती तिला सगळी होती. मलाच नव्हती.

मी माझं नाव सांगितलं, लेखाचं सांगितलं, चूक झाली म्हणून सांगितलं. वाचताना वाटतं तितकं ते सरळ बोलता आलं नाही. तिने पाय चिखलातून काढले नाहीत.

“तूच का थे लिवणारी? मले वाटलं, मोठी बाई असंल कोणी.”

“आम्ही ज्वारी आणली आहे,” मी म्हटलं. “मंडळातर्फे.”

“नोको.”

मला वाटलं ती रागावली आहे. पण ती रागाने बोलत नव्हती. लेकराला समजावावं तसं बोलत होती.

“ऐक, बाई. पाटलाची सून मले मणभर ज्वारी देऊन राह्यली होती. थेही नाई घेतली. तुमचं घेतलं न, तं पटवारी म्हणन, पोट भरलं न तुह्यं? मंग नाव कायले लिवू? तुमी दोन पोते देसान न गाडीत बसून जासान. बियाणं कोण देईन? पुढच्या साली पूर आला तं याल का?”

याल का, याला आमच्या मंडळात कोणी होय म्हणू शकणार नाही. यंदा आम्ही लग्नकार्यात वापरायची मंडळाची भांडी विकत घ्यायचं लांबणीवर टाकून ज्वारी दिली.

“मालगुजार होता तवा थ्याच्या कोठीपुढं उभं राहा लागे,” ती म्हणाली. “देल्लं तं देल्लं, नाई देल्लं तं घरी या. थ्याले काऊन म्हणून इचारता नाई ये. आता सरकार आपलं हाय म्हणतेत. मतं घ्याले आलते तवा माह्या घराले बंद नाई म्हणलं कोणी. मी सरकारले इचारीन, माह्या घराले बंद काऊन लिवलं. तुमाले कसं इचारू? तुमी तं पाव्हणे.”

तिने पुन्हा चिखल तुडवायला सुरुवात केली. पोती गाडीतच होती. लेकरं पोत्यांकडे पाहत होती, आणि आई पाहते आहे हे दिसताच गवताकडे वळत होती.

हे लिहिताना मला स्वतःची थोडी भीती वाटते. भुकेल्या घरापुढे धान्य घेऊन उभं राहायचं आणि ते घेतलं जाऊ नये हे आपल्याला पटायचं, हे भरल्या पोटी फार सोपं आहे. पण ती म्हणत होती ते खरं होतं. आम्ही तीन घरं भरून काढणार होतो, म्हणजे सरकारच्या हातून राहिलेली जागा झाकून टाकणार होतो. वरून पाहणाऱ्याला गाव पूर्ण दिसलं असतं.

आत्या एवढा वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती म्हणाली, “पोरी, तुह्यं माहेर कोणतं?”

भागरथाबाईने गावाचं नाव सांगितलं.

“अगो माय! थे तं माह्यं सासर. तू कोणाची?”

मग बापाचं नाव निघालं, विहिरीजवळचं घर निघालं, कोणा एका आंधळ्या म्हातारीचं नाव निघालं, आणि त्या दोघी रडायला लागल्या. गावच्या नात्याने भागरथाबाई आत्याची पुतणी लागत होती. मागच्या वेळी मी उंबरधरीत कितीतरी जणींशी बोलले. घरात माणसं किती, जनावरं किती, काय वाहून गेलं, सगळं विचारलं. माहेर कुठलं हे एकीलाही विचारलं नाही.

आत्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “हे मंडळाचं नाई. मी माहेराकडली काकू हाय. कडू घास आणा लागत होता, आज आणला. उशीर झाला तं मले शिव्या दे. घास नोको म्हणू नको. थो नाई म्हणता येत नाई.”

खरंच, तो नाही म्हणता येत नाही.

शेजारच्या जात्यावर आत्याने आणि मी ज्वारी दळली. शेजारणीच्या चुलीवर आत्याने भाकरी भाजल्या, पातळ बेसन केलं. भागरथाबाईला पाटावर बसवून पहिला घास आत्याने तिच्या तोंडात दिला. ती बराच वेळ तो तोंडात तसाच धरून बसली. लेकरं मात्र लगेच जेवली. त्या पोत्यातलं उरलेलं धान्य आम्ही तिथेच ठेवलं.

दुसरं घर एका म्हाताऱ्या जोडप्याचं. त्यांचा कर्ता मुलगा गेला. त्यांनी मंडळाचं धान्य घेतलं. भागरथाबाईचं म्हणणं मी त्यांना सांगितलं, तेव्हा म्हातारे हसले. “नाव लागो का न लागो, बाई. पेरीन कोण आमच्याकडं?” मी आग्रह केला नाही.

तिसरं घर गावाच्या टोकाला, गोंडाचं. तिथे आई गेली होती. आम्ही पोचलो तर दाराला काटेरी फांदी लावलेली. वाटा मिळत नाही म्हटल्यावर बाप लेकरांना घेऊन जंगलच्या कामावर निघून गेला. कुठे ते सोमाजीलाही नक्की माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात मी जे खोटं लिहिलं ते त्या घरापुरतं आता खरं झालं होतं. मला आठवतं, मी त्या फांदीपुढे उभी होते आणि आत्याने ‘चाल’ म्हटलं नसतं तर किती वेळ उभी राहिले असते कोण जाणे.

त्या दिवशी मुक्काम उंबरधरीच्या शाळेत केला. शाळेच्या खोलीत ओल आहे. जाणाऱ्यांनी सतरंजीखाली घालायला काही न्यावं.

परत येताना वाटेत हिंगणघाटला तालुक्याच्या कचेरीत गेलो. नायब तहसीलदार साहेबांना भेटायला दुपारपर्यंत थांबावं लागलं. व्हरांड्यात आमच्यासारखीच माणसं बसलेली. त्यातला एक आत्याला म्हणाला, “मावशी, पहिल्यांदा आले का? मंग आज नुसता व्हरांडा पाहून जा.”

साहेब वाईट माणूस नाहीत. डोळे तारवटलेले होते, आवाज बसलेला होता. पुराच्या दिवसांत ते स्वतः डोंग्यातून फिरले असं मी इतरांकडून ऐकलं आहे. मी सगळं सांगितलं. त्यांनी टेबलाच्या खणातून आपल्या मासिकाचा भाद्रपदाचा अंक काढला.

“आमच्या घरातून तुमचं मासिक वाचतात,” ते म्हणाले. “तलाठ्याने ‘बंद’ लिहिलं, तेव्हा मला शंका होती. मग हे वाचलं. म्हटलं, बाहेरच्या शिकलेल्या बाई डोळ्यांनी पाहून आल्या आहेत, त्याही तेच म्हणतात. मी सही केली.”

आत्याने माझा हात धरला. मी म्हटलं, “मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.”

त्यांनी अंक परत खणात ठेवला. मग म्हणाले, “हे पाहा, तुमचं मंडळ काम करतंच आहे. ती घरं तुम्हीच घ्या. मी शेरा लिहितो, ‘खाजगी संस्थेकडून मदत पोचली.’ तुमचंही नाव होईल. सरकार म्हणजे तुम्हाला काय वाटतं? मी, चार कारकून आणि एक जीप. ती जीप गॅरेजात आहे.”

“आम्ही पुढच्या वर्षी येऊ की नाही हे सांगता येत नाही,” मी म्हटलं.

“मी तरी कुठे असेन इथे?”

“तुम्ही नसाल. कचेरी असेल.”

हे मी बोलले यावर माझाच विश्वास बसला नाही. साहेब जरा हसले, नाराज होऊन नव्हे. त्यांनी सांगितलं ते असं: यादी पुन्हा उघडायची तर भागरथाबाईला नेमलेल्या दिवशी समक्ष यावं लागेल, तलाठी आणि कोतवाल हजर राहतील, आणि ज्या लेखावर विसंबून त्यांनी सही केली तो लिहिणारीला सगळ्यांपुढे सांगावं लागेल की न पाहता लिहिलं. कागदावर लिहून पाठवलेलं चालणार नाही. त्या दिवसानंतर बियाण्याच्या गाड्या सुटतील; मग उघडून उपयोग नाही.

“तुमच्या वडिलांना चालेल का?” त्यांनी विचारलं. “कचेरी आहे. लोक बोलतात.”

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी आत्याला विचारलं, “आपण धान्य ठेवलं आणि त्याला कडू घास म्हटलं, ही पळवाट तर नव्हे?”

“पळवाट कायची? आडवाट म्हण,” ती म्हणाली. “सरकार मोठ्या रस्त्यानं येईन तवा येईन. लेकरं संध्याकाळी जेवतेत.” आणि ती खिडकीला डोकं टेकून झोपली.

तिचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही, म्हणून हे इथे उघड लिहिते. साहेबांच्या घरी हा अंकही जाईल. त्यांनी वाचावं: भागरथाबाईच्या घरी ठेवलेलं पोतं ही मदत नव्हे. ते सोयऱ्यांचं आहे. त्या घराला सरकारकडून अजून काहीही मिळालेलं नाही.

सिंदीला पोचले तेव्हा पावसाची बारीक भुरभुर होती. मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न आला, एक पोतं मदतीत धरायचं नाही तर कशात धरायचं? मी म्हटलं, आत्याच्या नावावर टाका, ती फेडील. कोणाला आवडलं नाही. एक बाई म्हणाल्या, आपण द्यायला गेलो होतो की सरकारशी भांडायला? देणं बंद करावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पूर आल्या दिवशी जी पोचेल तिने पोचावं. पण जाणाऱ्या भगिनींनी पोत्याचं तोंड सोडण्याआधी गावात एवढं विचारावं, की आमच्या देण्याने कोणाचं नाव तर कापलं जात नाही ना? आणि ‘बंद’ म्हटलेल्या प्रत्येक दारावर जाऊन उभं राहावं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. कचेरीचं ऐकल्यावर ते अंगणात जाऊन बराच वेळ फेऱ्या घालत होते. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, “तुझ्यामुळे त्या पटवाऱ्याचं आणि कोतवालाचं काय होईल, याचा विचार केलास?” केला आहे. रोज करते. सोमाजीचं नाव न घेता खरं सांगता येतं का ते मी वेगवेगळ्या वाक्यांत मांडून पाहिलं, येत नाही. मी सांगणार आहे की त्याने योग्य तेच सांगितलं, आपल्या भाषेत सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांत ती भाषा येणारी मी एकटी होते. साहेबांना ते पटेल की नाही, आणि न पटलं तर त्या म्हाताऱ्याचं काय होईल, हे मला माहीत नाही. काटेरी फांदी लावलेल्या घराचं तर काहीच होणार नाही. त्या बापाला बोलवायचं कुठून?

वडनेरहून निरोप आला आहे: भागरथाबाई लेकरांना शेजारणीकडे ठेवून परस्पर कचेरीत येईल. आत्या माझ्याबरोबर येणार आहे. बाबा येणार की नाही हे त्यांनी सांगितलेलं नाही. कचेरी अकराला उघडते. आम्ही पहाटेच्या पॅसेंजरने निघू, कोजागिरीनंतरच्या गुरुवारी, अश्विन वद्य द्वितीयेला.